ठिपक्यांच्या रेघेआतली घरं

१४ जून

चि. टाचणीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

नोकरी लागली की मुली आत्यांना विसरतात हे ऐकून होते, पण पहिल्या पगाराचीही वाट पाहणार नाहीस असं वाटलं नव्हतं. फोनवर मला ऐकू कमी येतं आणि तुला बोलायला वेळ कमी असतो, तेव्हा आपलं पत्रच बरं. निदान मध्येच कट होत नाही.

इकडची खबर अशी की पट्टा येतोय. सरकारी नाव लांबलचक आहे, पण सगळे पट्टाच म्हणतात. एकाच रांगेत मोठा रस्ता, त्याच्या कडेनं रेल्वे, वर विजेचे मनोरे आणि खाली पाण्याचे नि गॅसचे नळ. तुझे बाबा म्हणतात, एवढं सगळं एकत्र फक्त माणसाच्या पोटातच असतं आणि तिथंही ते वरचेवर बिघडतं. मोजणीवाले कालव्यापलीकडे हद्दीचे रंग मारलेले दगड पुरून गेलेत. गावात दोन तट पडलेत. एकाला पट्टा हवा, दुसऱ्याला नको. आमच्या गल्लीला नको आहे, म्हणून समिती झाली आणि आमचा दादा, म्हणजे तुझा बाप, अध्यक्ष झाला. त्याच्यात पुढारीपणाचा अंश नाही हे तुला माहीत आहे. पण चष्म्याचं दुकान, त्यात बाकं नि खुर्च्या, पेपर फुकट वाचायला मिळतो. मग अध्यक्ष दुसरं कोण होणार? बेकरीवाला उपाध्यक्ष आहे. तो बैठकीला उरलेला पाव आणतो, म्हणून उपस्थिती चांगली असते.

दादाला काळजी घराची नाही, दुकानाची आहे. परवा म्हणाला की या वयात नवीन ठिकाणी पाटी लावली तर लोक नजर तपासायला नाही, पत्ता विचारायला येतील. मी हसले, पण तो हसला नाही.

मी सिस्टर म्हणून रिटायर झाले तरी गल्ली मला रिटायर होऊ देत नाही. सकाळपासून चौघांचं ब्लडप्रेशर बघून झालं. पट्ट्यामुळे सगळ्यांचंच वर आहे.

तू तिथं नेमकं काय करतेस ते एकदा समजेल असं लिही. बेकरीवाल्याला मी सांगितलं की ती छोटी छोटी घरं बनवते. तो म्हणाला, लग्नाआधी सगळ्याच मुली बनवतात. त्याला मी जे ऐकवलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

लोभ आहे तेवढा पुरे, फक्त पत्रं वाढव.

तुझी,
आत्या


२ जुलै

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बेकरीवाल्याला सांग, मी खरंच छोटी घरं बनवते. त्याला मॉडेल म्हणतात. कुणाला वसाहत, पूल किंवा इस्पितळ बांधायचं असलं की ते आधी आमच्याकडे येतात. आम्ही नकाशावरून सगळं टेबलावर उभं करून देतो. गवतासाठी गोंदावर हिरवी भुकटी चाळतो. झाडं तारेची असतात. दिवसभर हातात चिमटा असल्यामुळे जेवताना चमचा जाड वाटतो.

आता खरी बातमी. दचकू नकोस. पट्ट्याचं काम आमच्याच कंपनीकडे आलंय आणि त्यातला आपल्या गावाचा तुकडा माझ्या टेबलावर आहे. साहेबांना मी त्या गावची आहे हे कळल्यावर त्यांनी टाळी वाजवली. मी लगेच नकाशा पाहिला. रस्ता आणि रेल्वे कालव्यापलीकडेच आहेत. आपली गल्ली अलीकडे आहे. बाबांना हे सांग, म्हणजे त्यांना झोप लागेल.

नकाशावर गल्ली म्हणजे नुसते राखाडी चौकोन आहेत. साहेब म्हणाले की चौकोनांना कुणी ओळखत नाही, घरं ओळखता आली पाहिजेत, तू तर डोळे मिटून करशील. तशी मी करतेही आहे. आपलं घर माझ्या अंगठ्याच्या नखाएवढं आलंय. पण शिकायला बाहेर पडल्यापासूनच्या तीन वर्षांत काय बदललं ते मला ठाऊक नाही. बेकरीचं शटर अजून निळं आहे का? मास्तरांनी गच्चीवर खोली चढवली म्हणत होतीस, ती रस्त्याच्या बाजूला की मागे?

एकच गोष्ट कळली नाही. गल्लीच्या अलीकडून, शाळेच्या कुंपणाशी, नकाशावर ठिपक्यांची बारीक रेघ आहे. पट्ट्याचे इंजिनियर आले होते, त्यांना विचारलं. ते म्हणाले की ती जमिनीखालच्या नळांसाठीची हद्द आहे, जमिनीखालचं मॉडेलमध्ये दिसत नाही, वर हिरवं टाका. मी म्हटलं, वर तर घरं आहेत. त्यावर ते म्हणाले, मग घरांच्या अधेमधे टाका. आमच्या कारखान्याचा नियमही सोपा आहे. नकाशावर ज्याच्यावर फुली नाही ते उभं करायचं. आपल्या घरांवर फुली नाही.

बाबांना नमस्कार सांग आणि रागावले तर तेही कळव.

तुझ्या लोभाची सवय झालेली,
टाचणी


११ जुलै

चि. टाचणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दादाला वाचून दाखवलं. आधी त्यानं ते मला पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाला की शत्रूच्या छावणीत आपलं माणूस असलेलं बरं. थोड्या वेळानं पुन्हा आला आणि म्हणाला की दुकानाची पाटी एका बाजूनं उतरलेली आहे, ती तिला तशीच करायला सांग, सरळ केली तर ते दुकान माझं नव्हे. म्हणजे रागावला आहे की नाही ते तूच ठरव.

बेकरीचं शटर आता हिरवं आहे. मास्तरांची खोली मागच्या बाजूला आहे, पण जिना रस्त्यावरून दिसतो आणि त्याला कठडा नाही. मास्तर म्हणाले की मॉडेलमध्ये कठडा दाखवला तर बरं. मी म्हटलं, आयुष्यभर मुलांना खरं बोला म्हणून छड्या मारल्यात, आता जिन्यापुरतं खोटं कशाला? आपल्या वरच्या खिडकीचं एक तावदान फुटलंय, तिथं पुठ्ठा आहे. पुठ्ठा करशील का गं? सगळ्या गल्लीला कळलंय. रोज कुणीतरी येऊन आपल्या घराची माहिती देऊन जातं, फोटो काढायला आल्यासारखे केस विंचरून.

दादाचा एक निरोप आहे. त्या ठिपक्यांच्या रेघेबद्दल पुन्हा विचार, आणि इंजिनियरला नाही, त्याच्या वरच्याला. तो म्हणतो, चष्म्याच्या नंबरातसुद्धा ठिपका इकडचा तिकडे झाला तर माणूस खड्ड्यात पडतो.

माया आहेच, ती लिहून दाखवत नाही.

आत्या


३० जुलै

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मॉडेल झालं. साहेबांनी कारखान्यातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं. खरं सांगते, आजवर माझ्या हातून इतकं चांगलं काम झालं नव्हतं. दोन पलंग जोडावेत एवढं टेबल आहे. पट्टा मागच्या कडेनं जातो, सरळ, स्वच्छ, खेळण्यातल्यासारखा. पुढे आपली सगळी गल्ली. पाटी उतरलेली आहे. पुठ्ठा केलाय. मास्तरांच्या जिन्याला कठडा नाही, त्यांना सॉरी सांग.

रेघेबद्दल साहेबांना विचारलं. ते म्हणाले की आपण मॉडेलवाले, आपण इंजिनियर व्हायचं नाही, आणि गिऱ्हाइकाला दोनदा एकच प्रश्न विचारायचा नाही. वरच्या माणसाचा नंबर मागितला, तो मिळाला नाही.

जनसुनावणीला मॉडेल घेऊन साहेब येतील. मला यायचं होतं, पण इस्पितळाचं काम अडलंय म्हणून सुट्टी नाही. तू बघ आणि बारीकसारीक सगळं लिही. कुणाला आपलं घर सापडलं नाही तर तेही.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

टाचणी


९ ऑगस्ट

चि. टाचणीस,
आशीर्वाद.

बारीकसारीक लिही म्हणाली होतीस, म्हणून लिहिते.

शाळेच्या हॉलमध्ये मधोमध तुझं टेबल ठेवलं होतं, वर दिवे सोडले होते. लोक घोषणा द्यायच्या तयारीनं आले आणि दारातच थांबले. मग जो तो आपलं घर शोधायला वाकला. सापडलं नाही असं एकही माणूस नव्हतं. बेकरीवाल्यानं नातीला उचलून शटर दाखवलं, ते हिरवं आहे म्हणून ती किंचाळली. मास्तर जिन्याकडे बघून म्हणाले की माझी अब्रू गेली, पण काय काम आहे! मीही पुठ्ठा पाहिला आणि मला हुंदका आला, खोटं कशाला बोलू. कुणी घोषणा दिल्याच नाहीत. एवढ्या नाजूक वस्तूजवळ कोण ओरडणार?

दादा मात्र टेबलाकडे गेला नाही. तो संमतीपत्राची छापील पानं घेऊन कोपऱ्यात वाचत बसला. मग उभा राहिला आणि त्यानं एक वाक्य मोठ्यांदा वाचलं. ठिपक्यांच्या रेघेपासून पट्ट्यापर्यंत कोणतंही कायमचं बांधकाम राहणार नाही, असं ते होतं. तुझी रेघ शाळेच्या कुंपणाशी आहे. म्हणजे मधली सगळी गल्ली.

लोक त्याच्याकडे बघायला लागले, तेवढ्यात तुझे साहेब माईकपाशी आले. अगदी गोड माणूस. ते म्हणाले की हे मॉडेल याच गल्लीच्या मुलीनं केलंय, या अध्यक्षांच्याच लेकीनं. मुलगी बापाचं घर पाडणाऱ्यांचं काम करील का, ते तुम्हीच सांगा. टाळ्या झाल्या, टाचणी. दादा वाचत राहिला आणि त्याच्या आवाजावर टाळ्या झाल्या. बेकरीवाला म्हणाला की कागदावर हजार गोष्टी असतात, इथं डोळ्यांना दिसतंय. सही करणाऱ्यांत तोच पहिला. आमच्या गल्लीतल्या निम्म्या नाकांवर दादानं बसवलेले चष्मे आहेत. त्याच चष्म्यांतून सगळ्यांनी तुझं काम पाहिलं आणि सह्या केल्या. आपल्या घराची सही तेवढी नाही.

घरी येऊन दादा जेवला नाही. मी विचारलं, पोरीवर रागावलास का? तो म्हणाला की पाटी अगदी बरोबर उतरलेली होती. म्हणजे जाताजाता त्यानं पाहिलंच होतं. तेव्हापासून तुझं नाव काढत नाही.

लोभाचं पुढच्या पत्रात बघू.

आत्या


१३ ऑगस्ट

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आत्याचं पत्र मिळालं. तुम्ही हे पत्र वाचणार नसाल तर ती वाचून दाखवील आणि तुम्ही दुसऱ्या खोलीतून ऐकाल, म्हणून लिहिते.

पत्र मिळालं त्याच दिवशी पट्ट्याच्या ऑफिसात गेले. दिवसभर बाकावर बसल्यावर तोच इंजिनियर भेटला. चिडला नाही. त्यानं मला चहा दिला. पाडायच्या घरांवर फुल्या असलेला नकाशा वेगळा असतो, तो मॉडेलवाल्यांकडे येत नाही, कारण मॉडेलमध्ये पाडकाम दाखवायची पद्धत नाही, असं त्यानं समजावलं. मी विचारलं, मग लोकांना कसं कळणार? तो म्हणाला, टेबलाखाली सूचना चिकटवली आहे, मॉडेल केवळ कल्पना येण्यासाठी आहे अशी. टेबलाखाली, बाबा. बघायला गुडघ्यावर यावं लागेल.

तो खोटं बोलला नव्हता हेच मला सहन होत नाही. खाली नळ आहेत, वर हिरवं येणार आहे. मधली घरं मी उभी केली. मला कुणी उभी करायला भाग पाडलं नाही, मला ती करायची होती.

सह्या मागे घ्यायला महिन्याची मुदत आहे. मी येते. सभा बोलवा. मी स्वतः सांगितल्यावर तरी ऐकतील.

तुमचा राग मान्य आहे, पण तो जवळ बसून करा.

टाचणी


२९ ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

गुडघ्यामुळे तू सभेला नव्हतीस आणि मी सभेतून परस्पर बस पकडली, घरी आले नाही, म्हणून तू रागावली आहेस. बाबा काही सांगत नाहीत म्हणून मला विचारलंस. सांगते.

मी उभी राहिले आणि म्हटलं की ती घरं मी माझ्या हातानं लावलीत, ती तिथं राहणार आहेत असं मला कुणीही सांगितलेलं नाही. नकाशात ती रेघेच्या आत आहेत. सह्या मागे घ्या. बोलताना मला रडू आलं, तिथंच घोटाळा झाला.

मला कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बेकरीवाल्यानं पाणी आणून दिलं. म्हणाला, पोरी, तुला आम्ही एवढीशी असल्यापासून ओळखतो, बाप म्हणाला तर तू तरी काय करणार? मास्तर उठले. त्यांनी शाळेत समजावतात तसं समजावलं. मॉडेल हिनं महिनाभर शांत डोक्यानं केलं, आणि हे भाषण आज संध्याकाळी रडत करते आहे. दोन्हींपैकी कशावर विश्वास ठेवायचा हे सुजाण माणसाला सांगावं लागू नये, असं ते म्हणाले. सगळ्यांनी माना हलवल्या. मग कुणीतरी बाबांना म्हणालं की हट्टापायी लेकीची नोकरी घालवू नका. बाबा उठले. मला घेऊन बाहेर आले, बस दिसली तशी त्यांनी हात केला. तिकिटापुरते सुटे पैसे माझ्या हातात दिले, जसे शाळेत असताना द्यायचे.

आत्या, त्यांनी माझ्यावर अविश्वास दाखवला नाही. त्यांचा माझ्या कामावर जास्त विश्वास आहे, एवढंच.

लोभ उरला असेल तर जपून ठेव.

टाचणी


२० ऑक्टोबर

चि. टाचणीस,
अ. उ. आ.

पत्र लिहिण्याची मला सवय नाही. तुझी आत्या गुडघ्यानं आडवी झाली आहे आणि अंथरुणातून मजकूर सांगते आहे, पण मी माझंच लिहितो.

नोटिसा आल्या. सगळ्या गल्लीला एकाच दिवशी, आपल्यालाही. सही न करणाऱ्यालाही तीच मुदत आहे, तेव्हा सही न केल्याचा मान तेवढा मिळाला. पर्यायी जागा टेकडीमागच्या इमारतींत आहेत. दुकानाला जागा नाही, कारण ते घरातच होतं, म्हणून त्यांच्या लेखी ते नव्हतंच.

समितीचा अध्यक्ष मी आता नाही. सभेनंतर लगेच काढलं. मुलीला पुढे करून भावनेचं राजकारण केलं, असं कारण लिहिलं आहे. ठराव मास्तरांच्या अक्षरात आहे, शुद्धलेखनाची एक चूक नाही.

नोटीस आली त्या दिवशी बेकरीवाला दुकानात येऊन बसला. बराच वेळ चष्मा पुसत होता. मला वाटलं, आता म्हणेल की चुकलं. तो म्हणाला, तुमच्या मुलीनं एवढं हुबेहूब करायला नको होतं. थोडं कमी चांगलं केलं असतं तर आम्ही फसलो नसतो. मी त्याला म्हणालो की तिला वाईट काम येत नाही, आणि ते तिला मीच कधी शिकवलं नाही. त्यावर तो उठून गेला. चष्म्याची दांडी ढिली होती, ती घट्ट करून द्यायची राहिली.

तू नोकरी सोडणार असल्याचं आत्याला कळवलंस. माझ्यासाठी सोडू नकोस. मी रागावलो होतो. आता राग ठेवायलाही जागा नाही, सामान बांधायला काढलं आहे.

मायेत कमी केलेलं नाही, फक्त बोलण्यात केलं होतं.

बाबा


६ नोव्हेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं तेव्हा नोकरी सोडून झाली होती, त्यामुळे तुमचं ऐकलं नाही असं म्हणू नका. साहेबांनी मला काढलं नव्हतं. उलट पगार वाढवायला निघाले होते. जनसुनावणी एका बैठकीत संपली असा हा पट्ट्यातला पहिलाच तुकडा, म्हणून पुढच्या गावांचं सगळं काम आमच्याच कंपनीला मिळालंय. सभेत मी रडले हेही त्यांना कळलं होतं. ते म्हणाले की होतं असं, मनाला लावून घेऊ नकोस.

काल हिशेब पूर्ण करायला गेले. माझ्या टेबलावर नवीन मुलगी बसली आहे. पट्ट्यात आपल्यापुढे जे गाव लागतं, ती तिथली आहे. साहेबांनी मुलाखतीत तिला पहिलाच प्रश्न गाव कुठलं हाच विचारला. आता प्रत्येक तुकड्याला तिथलंच माणूस घ्यायचं ठरलंय. ती फोनवर मावशीला विचारत होती की चौकातल्या दवाखान्याचं दार कुठल्या रंगाचं आहे.

तिच्या नकाशावर मी ठिपक्यांची रेघ शोधली. आहे. तिचं घर आत आहे. मी तिच्याशेजारी स्टूल ओढून बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. फुल्यांचा नकाशा वेगळा असतो ते, टेबलाखालची सूचना, सह्या, तुमची नोटीस. एकदाही रडले नाही, बाबा. आवाजसुद्धा चढवला नाही.

तिनं चिमटा खाली ठेवून सगळं नीट ऐकलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, नोकरी सोडायला तुम्हाला घरून फार जबरदस्ती झाली का?

सामान बांधायला येत्या बसनं निघते. तुमच्या लोभाचा पत्ता बदलला तर कळवा.

तुमची,
टाचणी